सुपारीपासून निरोपापर्यंत : लोककला महोत्सवात कलावंतांची सुरक्षितता आणि मान कसा सांभाळायचा

गावची यात्रा, तालुक्याचा लोककला महोत्सव, शहरातल्या मंडळाचा सांस्कृतिक सप्ताह. पत्रिकेवर लावणी असते, शाहिरी जलसा असतो, गोंधळ, तारपा, जोगती नृत्य, कधी दृष्टिहीन गायकांचा वाद्यवृंद असतो. हे कलावंत बहुतेक दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतले असतात, काही तृतीयपंथी असतात, काही अपंग. त्यांच्याशिवाय महोत्सव उभा राहत नाही, आणि गैरसोय, अपमान, छेडछाड यांचा पहिला फटकाही त्यांनाच बसतो.

कार्यक्रमाच्या रात्री पोलीस बंदोबस्त मागवला की कलावंत सुरक्षित झाले, असं अनेक आयोजकांना मनापासून वाटतं. मला ते पटत नाही. कलावंताची सुरक्षितता सुपारी ठरते, म्हणजे कार्यक्रमाचा आगाऊ ठराव होतो, त्या दिवशीच ठरायला लागते. राहायला कुठली खोली, कपडे कुठे बदलायचे, पैसे कधी मिळणार, शिवी कुणी दिली तर कुणाकडे जायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर बंदोबस्ताचे चार पोलीस फार काही करू शकत नाहीत. हा लेख मंडळाचे कार्यकर्ते, यात्रा कमिटी आणि छोट्या संस्थांसाठी आहे. क्रम तोच ठेवला आहे ज्या क्रमाने कामं अंगावर येतात.

आधी समितीकडे बघा

आयोजन समितीच्या बैठकीला कोण बसतं ते आठवा. देणगीदार, माजी पदाधिकारी, मांडववाला, दोन-चार उत्साही तरुण. लावणीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या बैठकीत एकही बाई नाही आणि जलसा ठरवणाऱ्या बैठकीत दलित वस्तीतला एकही माणूस नाही, हे चित्र नेहमीचं आहे. ज्यांची कला बोलावणार आहात त्यांतल्या किमान दोघांना समितीत घ्या, त्यांत एक स्त्री हवीच. ‘सल्लागार’ म्हणून पत्रिकेत नाव छापणं पुरेसं नाही. खर्चाच्या कागदावर त्यांचं मत चालायला हवं, कारण खोली, शौचालय, गाडी हे सगळे शेवटी खर्चाचे मुद्दे असतात आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कात्री तिथेच लागते.

बैठक दिवसा ठेवा, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाचा रोज द्या. हातावर पोट असलेल्या माणसाने फुकट सल्ला द्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

सुपारी कागदावर आणा

तमाशाच्या धंद्यात शब्दाला किंमत आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला यात्रांच्या हंगामात फडांच्या, म्हणजे तमाशाच्या संचांच्या, राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, इसार देतात, सुपारी पक्की होते. ती पद्धत मोडायला सांगत नाही. पण इसार देतानाच दोन पानांचा कागद करा, तो मराठीत असू द्या आणि फडमालकाबरोबर एखाद्या ज्येष्ठ स्त्री कलावंतासमोर मोठ्याने वाचा. वाचता न येणारे कलावंत आहेत, म्हणून वाचून दाखवणं महत्त्वाचं.

कागदात रक्कम, इसार आणि उरलेले पैसे देण्याची वेळ लिहा. वेळ म्हणजे ‘कार्यक्रम झाल्यावर’ नव्हे. शेवटच्या बारीआधी (सादरीकरणाआधी), मोजून, सही घेऊन. कार्यक्रम संपल्यावर रात्री दोन वाजता खजिनदार सापडत नाही आणि फड दुसऱ्या गावाला निघायच्या घाईत असतो. त्या घाईत पैसे कापले जातात. पाऊस आला, परवानगी नाकारली गेली, गावात दुःखद घटना घडली, तर किती रक्कम द्यायची हेही आकड्यात लिहा. एकट्याने येणाऱ्या कलावंताचे पैसे त्याच्या किंवा तिच्या हातात, नाहीतर स्वतःच्या खात्यावर द्या. मध्यस्थाकडे देऊ नका.

कुणी आजारी पडलं, पाळी आली, गरोदरपणात त्रास झाला तर त्या कलावंताला त्या रात्री विश्रांती देता येईल आणि सुपारीतून पैसे कापले जाणार नाहीत, ही ओळ आग्रहाने घाला. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते, की कार्यक्रम चालू असताना त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर, म्हणजे मंचावर, यायला निघाल्या. आपण ती कौतुकाने सांगतो. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. विठाबाईंची निष्ठा मोठीच होती, पण बाळंतपणाच्या रात्रीही एखाद्या बाईला बोर्डावर उभं राहावं लागतं ही त्या व्यवस्थेची लाज आहे, आणि आपल्या मांडवात तसं घडणार नाही हे लिहून देता येतं.

आणखी एक वाक्य लिहा : ‘ठरलेल्या मंचाशिवाय कुठेही, कुणाच्याही घरी, शेतावर, लॉजवर खासगी बैठकीचा कार्यक्रम होणार नाही आणि तशी विचारणा करणाऱ्याला मंडळ पाठीशी घालणार नाही.’ हे वाक्य कागदावर असलं की फडातल्या बाईला नाही म्हणण्यासाठी मंडळाचा आधार मिळतो. बहुतेक वेळा विचारणा करणारा मोठा देणगीदार असतो, म्हणून ते देणगी घेण्याआधी ठरलेलं बरं.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या) प्रमाणपत्राची आणि पोलीस परवानगीची प्रतही याच वेळी फाइलला लावा. कागद अपुरा असला की ऐनवेळी कार्यक्रम थांबतो आणि चिडलेल्या लोकांच्या शिव्या बोर्डावर उभ्या असलेल्या बाईला खाव्या लागतात.

राहणं, जेवण, पाणी

जातीचा प्रश्न इथे सगळ्यात उघडा पडतो. मंगल कार्यालय ‘त्यांना’ देत नाहीत, शाळेची खोली देतात पण शौचालयाला कुलूप, पंगत वेगळी, पाण्याचा जार वेगळा. कुणी तोंडाने काही बोलत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. त्यामुळे कार्यकर्त्याने खोली स्वतः बघून यावी, चावी स्वतःच्या ताब्यात घ्यावी आणि समितीने त्या दिवशी कलावंतांबरोबर एकाच पंगतीला बसावं.

स्त्रियांची खोली आतून कडी लागणारी हवी. तृतीयपंथी कलावंतांना कुठे राहायला आवडेल, हे त्यांनाच आधी फोनवर विचारा. कुणी स्त्रियांच्या खोलीत राहू इच्छितं, कुणी स्वतःच्या गटाबरोबर वेगळी खोली मागतं. आपण अंदाज बांधायचा नाही. नाव, हाक मारण्याची पद्धत, पत्रिकेवर काय छापायचं, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. लॉजवाल्याने ओळखपत्रावरचं नाव आणि चेहरा बघून खोली नाकारली असा अनुभव या कलावंतांना वारंवार येतो, म्हणून लॉजवर त्यांच्याबरोबर मंडळाचा माणूस जायलाच हवा.

फडाबरोबर लहान मुलं असतात. रात्री आई बोर्डावर असताना मूल मंचामागच्या वायरींच्या गुंत्यात झोपलेलं असतं. एक खोली, एक सतरंजी आणि विश्वासातली एक पगारी बाई, एवढ्यात तो प्रश्न सुटतो. मूल स्वतः कार्यक्रमात काम करणार असेल तर बालकामगार कायद्याचे नियम लागू होतात : दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. तिकीट लावलेल्या व्यावसायिक कार्यक्रमाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही आधी घ्यावी लागते.

कपडे बदलण्याची जागा

मंडळांचं सगळ्यात कमी लक्ष इथे असतं आणि सगळ्यात वाईट गोष्टी इथेच घडतात. मंचामागे बांबू रोवून कनात लावली की झालं, अशी समजूत आहे. संध्याकाळी उजेडात ती कनात ठीक दिसते. अंधार पडतो, आत बल्ब लागतो आणि पातळ कापडावर आतल्या बाईची सावली स्पष्ट उमटते. बाहेर जनरेटरपाशी उभ्या असलेल्या दहा-बारा पोरांना ती दिसत असते. आतल्या बाईला याचा पत्ता नसतो.

म्हणून रात्री, बल्ब लावून, बाहेरून चारही बाजूंनी फिरून तपासा. शक्य असेल तर पक्की खोलीच घ्या. कनातच असेल तर आत ताडपत्रीचा दुसरा थर लावा, जमिनीलगतची फट वाळूच्या पोत्यांनी बुजवा, वरचा भाग झाका. जवळच्या इमारतीची गच्ची किंवा झाड वरून दिसण्याइतकं जवळ आहे का ते बघा. बल्बची जागा बदलून बाहेर सावली कुठे कमी पडते ते बघा. दारावर दोन स्त्री स्वयंसेविका, पाळीपाळीने, शेवटची गाडी निघेपर्यंत. ‘अध्यक्षांना फक्त भेटायचंय’ म्हणणाऱ्यालाही आत सोडायचं नाही, अध्यक्ष स्वतः असले तरी.

शौचालय कनातीला लागूनच हवं, त्यात पाणी, आतून कडी आणि कचऱ्याचा डबा हवा. नऊवारी नेसलेल्या, पायात चाळ बांधलेल्या बाईने अंधारातून दोनशे पावलं चालत सार्वजनिक शौचालयात जायचं म्हणजे चाळ वाजत जाणार आणि सगळ्यांच्या नजरा वळणार. त्यापेक्षा अनेकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. याचा परिणाम मूत्रमार्गाच्या दुखण्यांत दिसतो आणि ती दुखणी हंगामभर अंगावर काढली जातात.

मोबाइलचा नियम

२०२३ साली एका लोकप्रिय लावणी नृत्यांगनेचं कपडे बदलतानाचं चित्रीकरण चोरून करून समाजमाध्यमांवर पसरवलं गेलं आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. असं चित्रीकरण आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. हे वाक्य मोठ्या अक्षरांत कनातीच्या बाहेर लावा आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला मंचावरून वाचा.

मंचावरच्या चित्रीकरणाचंही ठरवायला हवं. अधिकृत चित्रीकरण कोण करणार, ते कुठे टाकणार, त्यातून पैसे मिळाले तर कलावंताचा वाटा किती, हे सुपारीच्या कागदात येऊ द्या. मंचासमोर खाली बसून वरच्या दिशेने कॅमेरा धरणाऱ्यांना तिथे बसूच देऊ नका. असे तुकडे घाणेरड्या मथळ्यांखाली वर्षानुवर्षं फिरतात, कलावंताच्या मुलांच्या शाळेपर्यंत पोचतात.

गर्दी, दौलतजादा आणि थांबवण्याचा अधिकार

मंच आणि पहिल्या रांगेत किमान दहा फूट मोकळी जागा ठेवा, मध्ये पक्का अडसर. स्त्री प्रेक्षकांसाठी पुढची एक बाजू राखा. समोर बायका आणि मुलं बसलेली असली की मांडवाचा सूरच बदलतो, हे अनेक ठिकाणी पाहिलं आहे. कार्यक्रम सातला सुरू करा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतच मुभा असते, वर्षातले मोजके दिवस सोडले तर. उशिरा सुरू झालेला कार्यक्रम ऐन रंगात बंद करावा लागला की दगड बोर्डाकडे येतात.

दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन कलावंताला द्यायचे पैसे, हा नाजूक विषय आहे. तो सरसकट बंद करा, असं शहरातल्या संस्था सांगतात. पण फडातल्या अनेकींच्या कमाईचा तो भाग असतो, आणि बदल्यात काही न देता तो बंद केला तर त्यांच्याच ताटातलं कमी होतं. मला योग्य वाटणारी पद्धत अशी : पैसे देणाऱ्याने जागेवरून उठायचं नाही, स्वयंसेवकाने ताटात पैसे घ्यायचे, नाव वहीत लिहायचं आणि ताट वादकांपाशी ठेवायचं. हातात हात नाही, पदराला नोट नाही, जवळ बोलावणं नाही. कलावंतांनाच दौलतजादा नको असेल तर सुपारीची रक्कम तेवढी वाढवा आणि बंदीची घोषणा मंडळाने करावी, त्यांच्या तोंडून नको.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कलावंताकडे असू द्या. खूण आधी ठरवा. ढोलकीवाला थांबला की दिवे पूर्ण लागतील, पडदा पडेल आणि मंडळाचा माणूस माइक घेईल. त्या माणसाने प्रेक्षकांना काय सांगायचं तेही लिहून द्या. ‘जरा सांभाळून घ्या ताई’ असं कलावंतालाच समजावणारा कार्यकर्ता त्या जागी चालणार नाही.

निवेदकाची जीभ

निवेदकाला लेखी मजकूर द्या. कलावंताची जात, अपंगत्व, लिंग यांवरून कोटी करायची नाही. ‘डोळ्यांनी अंध असूनही’, ‘समाजाने झिडकारलेले हे’ अशी दयेची वाक्यं नकोत. कुठल्या परंपरेतला कलावंत, गुरू कोण, कोणता बाज गातो किंवा नाचतो, हे सांगा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कोल्हाटी, गोंधळी असे अनेक समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत, त्यांना या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. म्हणून मंडळाचा स्वतःचा नियम सर्वांसाठी सारखाच हवा.

स्वागताबद्दलही बोलायला हवं. डहाणू-जव्हारकडून आलेल्या तारपा पथकाला पाहुण्यांच्या वाटेवर उन्हात उभं करायचं, पाहुणे दोन तास उशिरा आले की तोवर नाचत ठेवायचं आणि मुख्य कार्यक्रमात त्यांचं नावही नसायचं, हे आता थांबवा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरीही महोत्सवात आदिवासी कलावंत सजावटीच्या कामालाच लावले जातात. त्यांना मंच द्या, वेळ द्या आणि मानधन इतरांइतकंच द्या. चित्रांच्या दालनात भाडं घेऊ नका, विक्रीवर कमिशन घेऊ नका. मंडपाच्या कापडावर वारली नक्षी छापून घ्यायची असेल तर ती वारली कलावंताकडून काढून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

अपंग कलावंतांसाठी मंच

मांडववाल्याला उताराचं प्रमाण सांगावं लागतं, नाहीतर तो फळी टेकवून मोकळा होतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे तीन फूट उंच मंचाला छत्तीस फुटांचा उतार लागेल, आणि तेवढी जागा सहसा नसते. मग मंचच दीड फुटाचा करा, अठरा फुटांत काम होतं आणि मागच्या प्रेक्षकांना फारसा फरक पडत नाही. दृष्टिहीन कलावंतांना दुपारी रिकाम्या मंचावर नेऊन कडा, माइक, पायऱ्या हाताने दाखवा, मंचाच्या कडेला पायाला जाणवेल अशी जाड दोरी ठोका. त्यानंतर सामान हलवायचं नाही.

तक्रार आली तर

आधीच तीन जणांची तक्रार समिती करा. त्यांत दोन स्त्रिया हव्यात आणि एक व्यक्ती मंडळाबाहेरची, शक्यतो वकील किंवा महिला संघटनेतली. तिघांचे फोन नंबर एका कार्डावर छापून प्रत्येक कलावंताच्या हातात द्या, पोस्टरवर लावून भागत नाही. कार्डावर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, अॅट्रॉसिटीसाठी १४५६६ हे क्रमांकही छापा.

तक्रार आली की पहिलं काम ऐकून घेणं आणि दुसरं काम त्या व्यक्तीला सुरक्षित ठिकाणी नेणं. ‘तू तिथे कशाला गेलीस’ हा प्रश्न विचारायचा नाही. तिच्या परवानगीशिवाय फडमालकाला, नवऱ्याला, पत्रकाराला काही सांगायचं नाही. आरोप असलेला माणूस मंडळाचा असेल तर त्याला त्याच रात्री कामावरून बाजूला करा, चौकशी नंतर होईल. सीसीटीव्हीचं चित्रीकरण लगेच वेगळं काढून ठेवा, अनेक यंत्रांत ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आणि गावातल्या चार वडीलधाऱ्यांना बसवून मिटवून टाकू नका. अशा बैठकीत कलावंताच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

पुढे कुठे जायचं हे तिने ठरवायचं, तुम्ही वाटा सांगायच्या. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा यात्रेच्या मांडवालाही लागू पडू शकतो. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. फड रोज गाव बदलतो, त्यामुळे ‘आता तिकडे परत कोण जाणार’ म्हणून तक्रार सुटून जाते. यावर उपाय आहे : गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्याला तक्रार घ्यावी लागते, ती शून्य क्रमांकाने नोंदून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ही एक ओळ कार्डाच्या मागे छापा. तृतीयपंथी व्यक्तींवरच्या अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, पण ठाण्यात जाताना त्यांना एकटं पाठवू नका, बरोबर वकील असू द्या.

निरोप

कार्यक्रम संपल्यावरचा अर्धा तास सगळ्यात धोक्याचा. प्रेक्षकांना आधी बाहेर काढायचं की कलावंतांना, हे ठरवून ठेवा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो : शेवटचं भैरवीचं पद चालू असताना ज्यांचं काम संपलं त्यांना गाडीत बसवा, गाडी मागच्या वाटेला तोंड करून उभी असू द्या आणि मंडळाची दोन माणसं मोटरसायकलवर मुख्य रस्त्यापर्यंत जाऊ द्या. रात्री चालक झोपलेला नाही ना, हेही बघा. अनेक फड अपघातांत होरपळले आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. हंगामाच्या सुरुवातीला बँक खातं असलेल्या कलावंतांचे अर्ज भरून देणं मंडळाला सहज जमेल.

आठवड्याने तक्रार समितीतल्या बाहेरच्या व्यक्तीने प्रत्येक गटातल्या एका स्त्री कलावंताला फोन करावा. पैसे पूर्ण मिळाले का, काही राहून गेलं का, पुढच्या वर्षी यायला आवडेल का. उत्तरं समितीच्या बैठकीत जशीच्या तशी वाचावीत.

आणि एक कागद निरोपाच्या वेळीच द्यावा : मंडळाच्या लेटरहेडवर, शिक्क्यानिशी, तारीख, ठिकाण आणि कलाप्रकार लिहिलेलं प्रमाणपत्र, प्रत्येक कलावंताच्या स्वतःच्या नावाने, फडाच्या नावाने एकच नको. म्हातारपणी सरकारी मानधनासाठी अर्ज करताना इतकी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे मागतात. आयुष्यभर गावोगाव नाचलेल्या बाईकडे ते नसतात, कारण पत्रिकेवर नाव फडमालकाचं असतं. तृतीयपंथी कलावंताच्या प्रमाणपत्रावर त्यांनी सांगितलेलं नाव छापा, आणि अर्जासाठी आधारवरच्या नावाचीही प्रत लागणार असेल तर दोन्ही द्या. त्याची एक प्रत मंडळाच्या फाइलला लावा. पाण्यात भिजलेला, हरवलेला कागद पुन्हा मागायला दहा वर्षांनी कुणी आलं, तर तो तिथून काढून देता आला पाहिजे.